करंगळीवरचा चटका

थंडीने हात उलायला लागले, की मला तो हिवाळा आठवतो. अंघोळ झाली की बोटांच्या पेरांवर पांढुरक्या रेघा उमटतात, ओठ ताणल्यासारखे होतात आणि दवाखान्याच्या अंगणात माणसं उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत सरकत बसतात. यंदाही परवापासून तसं सुरू झालं. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे दोन नवे डॉक्टर त्वचारोग शिकायला येणार आहेत आणि त्यांच्या चार महिन्यांची उद्दिष्टं लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. कागद समोर घेतला, वर तारीख घातली, खाली 'एक' असा आकडा घातला आणि तिथेच अडले.

असा कागद माझ्या हातात पहिल्यांदा आला, तेव्हा मी तो जुन्नरच्या एसटीत चार वेळा वाचला होता. निमगाव साव्याच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. छापलेल्या कागदाचा आमच्याकडे फार मान. वडील लाइटच्या बिलाचीसुद्धा घडी जपून घालायचे. त्या कागदावर सतरा उद्दिष्टं होती. नेहमी आढळणारे त्वचारोग ओळखणे. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तपासणीसाठी छोटा तुकडा काढणे. रुग्णाला आजार समजावून सांगणे. प्रत्येकापुढे एक चौकोन, त्यात वरिष्ठांची सही. मी मनाशी ठरवलं, की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मुदत आहे खरी, पण आपण संक्रांतीलाच सगळे चौकोन भरून टाकायचे.

वरिष्ठ म्हणजे मोठ्या मॅडम. निवृत्तीला आलेल्या, सुती साडी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी माझा कागद घेतला, घडी घालून खणात ठेवला आणि म्हणाल्या, "आधी ते टेबल खिडकीपाशी ओढ. ट्यूबलाइटच्या उजेडात कातडी खोटी दिसते."

खिडकी पूर्वेला होती. सकाळचं ऊन तिरपं आत यायचं आणि त्या उन्हात माणसं आपले हात, पाय, पाठी, माना मांडायची. किती प्रकारची कातडी पाहिली मी त्या हिवाळ्यात! द्राक्षाच्या बागेत मोरचुदाची फवारणी करून निळसर झालेले हात. टोमॅटो तोडणाऱ्या बायांचे हिरवट-काळे, साबणाला दाद न देणारे पंजे. कांद्याची रोपं लावून लावून चिमटीतली सोलवटलेली साल. गाजरगवताने सुजून जाडावलेला एका म्हाताऱ्याचा पूर्ण चेहरा, आणि कपाळावर टोपीची सरळ रेघ. रेघेच्या वर कातडी लहान मुलासारखी मऊ. मॅडम नाव विचारायच्या आधी हात बघायच्या.

"बाग छाटली वाटतं?"

माणूस दचकायचा. "तुमाला कोनी सांगितलं?"

तोवर मी कातडीला वेष्टन समजत होते. शरीराचा खरा कारभार आत चालतो, हे वरचं नुसतं गुंडाळलेलं, असं काहीसं. खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळलं, की माणूस कुठे राहतो, काय करतो, कुठल्या बाजूला झोपतो, काय लपवतो, हे सगळं तिथे उघडं असतं. फक्त आपल्याला वाचता येत नसतं.

हसूही खूप यायचं. एका आजोबांना मी विचारलं, "खाज कुठं कुठं येते?"

"बाई, कुठं येत न्हाई ते विचारा. लवकर उरकंल."

नायट्यावर भलतंच मलम चोपडून आलेल्या एका तरुणाला मॅडमनी विचारलं, "ही ट्यूब कोणी दिली?"

"मेव्हन्यानं. त्याला लई गुण आला."

"त्याला काय झालं होतं?"

"ते न्हाई विचारलं."

खरजेचा किडा मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा भिंगावरून डोळा काढवेना. टाचणीच्या टोकाहून बारीक जीव, त्याला पाय, त्याने घातलेली अंडी. आणि त्याच्यापायी एका घरातली सहाच्या सहा माणसं महिनाभर झोपलेली नव्हती. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्षं पाहतेय. अजूनही पहिल्यांदा पाहिल्यासारखंच वाटतं." त्या दिवशी त्यांनी चौकोनात सही केली. पंधरा दिवसांत माझे सहा चौकोन भरले. 'रुग्णाच्या संपूर्ण त्वचेची तपासणी करता येते' हा मात्र त्या भरेनात. मी विचारलं, तर म्हणाल्या, "घाई आहे का कुठे जायची?"

आठवड्यातून एक दिवस आम्ही घोडेगावला तपासणीला जायचो. तिथे डोंगरातली माणसं येत. अशाच एका दिवशी सखूबाई आल्या, डिंभ्याच्या धरणापलीकडच्या एका वाडीतून. बरोबर सून, मंदा. पंचविशीची, अंगाने काटक. सखूबाईंच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. मी भेगा पाहिल्या, रात्री पाय कोमट पाण्यात कसे ठेवायचे ते सांगितलं, मलम लिहिलं. उठता उठता त्या म्हणाल्या, "आन् हिला पन कायतरी लावायला द्या. चटकं बसल्यात हाताला."

मंदाने उजवा हात पुढे केला. करंगळीच्या कडेला दोन फोड होते, एक फुटलेला. खाली एक जुना काळा डाग.

"चुलीवर?"

"व्हय. भाकरी करताना."

"दुखतं का?"

"छ्या!" सुनेच्या आधी सासूच बोलली. "हिचा हात लई पक्का हाय, डॉक्टरीण बाई. तव्यावरची भाकर नुसत्या हातानं उलटती. निखारा सुदिक हातानं सरकवती. चटका म्हनून ठाव न्हाई. आमच्या वाडीत आशी दुसरी सून दावा."

मंदा लाजून हसली. मीही हसले. "माझ्या आईचे हात असेच आहेत," मी म्हणाले. मला बरंच वाटलं. हे काही पुस्तकात नसतं, शहरातल्या डॉक्टरला हे कळलं नसतं, मला बघताक्षणी कळलं. मॅडमच्या शिस्तीप्रमाणे मी केसपेपरवर हाताचं चित्र काढून त्यावर फोडांच्या जागा दाखवल्या, शेजारी लिहिलं 'भाकरीचे चटके', आणि भाजल्याचं मलम दिलं. बाहेर रांग लांब होती. त्या दोघी एसटी गाठायला निघून गेल्या.

दुपारी परतताना मॅडम गाडीतच सगळे केसपेपर वाचायच्या. त्या दिवशी एका कागदावर थांबल्या.

"तुला भाकरी येते?"

"येते की."

"मग कर."

"आत्ता?"

"आत्ता. हवेत. मी पुण्यात पोळ्या खाऊन वाढले, मला काय कळतंय?"

गाडी चालवणारे काका आरशातून बघत म्हणाले, "होऊ द्या ताई. कालवणाचं मी बघतो."

मी हसत हसत मांडी सावरून बसले. हवेत गोळा घेतला, थापला, फिरवला. तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला. कड सुटल्यावर भाकरी उचलायला बोटं पुढे केली. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं. आणि माझा हात तसाच राहिला. माझी करंगळी वर उचललेली होती, तव्यापासून लांब. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आई तशीच करते, तिची आईही तशीच करत असणार. शेकडो भाकऱ्या केल्या, पण माझी करंगळी कधी भाजलेली मला आठवेना.

"तिचा चटका कुठे आहे?" मॅडमनी विचारलं आणि मीच काढलेलं चित्र माझ्यासमोर धरलं.

जी बोटं तव्याला लागतात ती कोरी होती. जी कड लांब राहते तीच भाजलेली होती. त्या बोटाला तापलेल्या तव्याची खबरच लागत नव्हती.

पुढचं मॅडम हळू आवाजात बोलल्या. कोपराच्या मागून एक नस येते, ती करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला जीव देते. कुष्ठरोगाचे जंतू तिथे घर करतात. नस सुजते, मग बधिर होते, मग मरते. "सहा महिन्यांच्या आत गाठलं तर परत येऊ शकते. उशीर झाला तर करंगळी वाकेल, मग शेजारचं बोट. मग त्या हाताने तिला ना विळा धरता येईल ना पीठ मळता येईल. किती महिने झालेत, हे आपल्याला माहीत नाही."

केसपेपरवर फोन नंबर नव्हता. वाडीचं नाव तेवढं होतं. ज्या ओळखीवर मी खूश झाले होते तिनेच मला पुढे पाहू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडच्या आशाताईंना घेऊन वाडीवर गेले. अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. सखूबाई मला बघून चकितच झाल्या. "आगं बया! भेगांची चौकशी कराया एवढ्या लांब?" आत मंदा चुलीपुढे होती. तिच्या हातातली भाकरी मी तव्यावर टाकू दिली आणि तिला उंबऱ्यात, उजेडात बसवलं.

"डोळे मीट. मी पेनाचं टोक हाताला लावेन. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेव."

अंगठा, तिने लगेच बोट ठेवलं. पहिलं बोट, मधलं बोट, बरोबर. अनामिकेची एक कड बरोबर, दुसरी नाही. मग करंगळी. मंदा डोळे मिटून बसली होती. तोंडावर खेळातल्यासारखी उत्सुकता. थोडा वेळ गेला.

"लावा की," ती म्हणाली.

मी लावलेलंच होतं.

सखूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. मी मंदाच्या कोपरामागे बोट फिरवलं. नस सुतळीसारखी जाड लागली आणि दाबल्यावर मंदा कळवळली. पोलक्याची बाही वर सरकवली, तर दंडाच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा फिकट चट्टा. तिला स्वतःला तो कधी दिसलाच नसता. मला मात्र आदल्या दिवशीच दिसायला हवा होता.

"हा हात शेवटचा कधी भाजून दुखला होता?" मी विचारलं. मंदाला सांगता येईना. सखूबाई मात्र भिंतीकडे बघत आठवत राहिल्या.

"गवरीच्या जेवनाला तळान करत व्हती. ह्याच हातावर त्याल उडालं. केवढ्यांदा बोंबलली! करंगळी कितीतरी येळ पान्यात धरून बसली व्हती."

मी बोटांवर मोजलं. गौरी, पितरं, दसरा, दिवाळी. तीन महिनेही पुरते झाले नव्हते. म्हणजे मॅडमनी सांगितलेली सहा महिन्यांची मुदत अजून उलटलेली नव्हती.

मग तो शब्द उच्चारावाच लागला. सखूबाईंनी विचारलं, "म्हंजी महारोग?"

"हो. पण याला औषध आहे. वर्षभर घ्यायचं, आजार पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की तिच्यापासून कोणाला लागत नाही. नसेसाठी वेगळ्या गोळ्या. त्यांनी हात किती परत येईल, ते मात्र आज सांगता येत नाही."

मंदा स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखी बघत होती. मग मान वर करून तिने विचारलं, पण मला नाही, सासूला. "आत्याबाई, मंग म्या भाकर करायची का न्हाई?"

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला होता. सखूबाई उठल्या, फडक्याने भाकरी उतरवली, मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि उरलेल्यातला तुकडा तोंडात घातला. चावून झाल्यावर म्हणाल्या, "करपली. पुढच्या भाकरीला ध्यान ठिव."

मंदा चुलीपुढे जाऊन बसली. सखूबाई मला अंगणात घेऊन गेल्या. "साऱ्या वाडीत म्या हिचा हात मिरवला, बाई. पोरीचा हात मरत व्हता आन् म्या कवतिक सांगत फिरले."

"मी पण काल हसलेच की," मी म्हणाले.

त्या रविवारी मी घरी गेले. आई चुलीपाशीच होती. मी तिचा हात ओढून घेतला आणि डोळे मिटायला सांगितले. ती कुरकुरत बसली. "लई शिकलीस म्हनून आता आईवर परीक्षा का?" मी पेनाने तिच्या जाड, भेगाळ हातावर जागोजागी टेकवत गेले. अंगठ्याखालचा घट्टा, जुन्या विळ्याची खूण, नखाजवळची फाटलेली साल. प्रत्येक वेळी तिचं दुसरं बोट अचूक तिथे यायचं. मला वाटलं होतं, या हातांना आता काही कळत नसणार, इतकं काम त्यांनी केलंय. पण एकही जागा मुकी नव्हती. एवढ्या कष्टांखाली इतकी बारीक, जागी अशी काहीतरी गोष्ट शाबूत होती आणि मी इतकी वर्षं त्या हातचं जेवले तरी मला ती ठाऊक नव्हती.

"किती गुदगुल्या करतीस? भाजी करपंल," म्हणून तिने हात काढून घेतला.

त्यानंतर मी मॅडमना त्या चौकोनाबद्दल पुन्हा विचारलं नाही. आलेल्या प्रत्येक माणसाला पडद्याआड नेऊन, बाही वर करून, पाठ खिडकीकडे वळवून पाहू लागले. रांग हळू सरकायची. लोक बोलायचे. "दातावर औषध मागितलं तरी पाठ बघत्यात राव!" काल नव्या डॉक्टरांच्या कागदावर मी शेवटी पहिलं उद्दिष्ट लिहिलं: ओळखीचं वाटलं, की पुन्हा एकदा पाहणे. ते सरकारी भाषेत बसत नाही, हे मला माहीत आहे. बघू, कोणी खोडतं का.

त्या हिवाळ्यात मंदा दर पंधरवड्याला घोडेगावला यायची. दर वेळी मी कोऱ्या कागदावर तिचा पंजा ठेवून पेन्सिलने भोवती रेघ मारायचे. जिथे लागत नाही तिथे काळी फुली. पहिल्या कागदावर करंगळी, अनामिकेची अर्धी बाजू आणि तळहाताची कड मनगटापर्यंत फुल्यांनी भरलेली. दुसऱ्यावर तेवढ्याच. तिसऱ्यावरही तेवढ्याच. तिसऱ्या वेळी मी फुल्या मोजायचं सोडून दिलं होतं. औषधाने अंगाचा रंग जरा काळवंडेल, असं मी सांगितलं होतं. मंदाने त्याबद्दल हळूच विचारलं, तर सखूबाई म्हणाल्या, "काळी झाली तरी चालंल. हात तेवढा राहू द्या. आमच्या घरात आता उलथनं आलंय, डॉक्टरीण बाई. मी सोता आनलं. हातानं भाकर उलटायची बंदी केलीय."

चौथ्या कागदावर मनगटाजवळची एक फुली कमी झाली. मी दोनदा तपासलं, मग मॅडमना बोलावलं. त्यांनी तिसऱ्यांदा तपासलं. मंदा डोळे मिटूनच म्हणाली, "आवो, लागतंय म्हनते ना!" त्या दिवशी घोडेगावच्या खिडकीपाशी आम्ही तिघी उगाच हसत उभ्या होतो. नस महिन्याला अगदी थोडी थोडी वाढते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण एखाद्या बाईच्या हातात, कातडीखाली, कुठलाही आवाज न करता ती खरोखर पुढे पुढे येते आहे आणि मी पेनाच्या टोकाने तिची चाहूल घेते आहे, हे अजूनही सांगताना माझा आवाज बदलतो.

माझ्या चार महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात मंदा आली, तेव्हा मी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले. आता तळहाताची कड मोकळी झाली होती, अनामिका पूर्ण मोकळी झाली होती. करंगळीच्या वरच्या दोन पेरांवर मात्र फुल्या तशाच होत्या. त्या जातील असं वचन मला देता येत नव्हतं आणि ते तिला कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

मंदा कागदांवरून नजर फिरवत राहिली. मग म्हणाली, "ह्ये तर आमच्या धरनावानी हाय की."

"म्हणजे?"

"दिवाळीला धरान भरल्यालं आसतं. मंग पानी मागं मागं सरतं आन् रान उघडं पडत जातं. त्या गाळात आमी पेरतो, हरभरा म्हना, भुईमूग म्हना. ह्यो बघा दिवाळीचा कागद, समदं पान्यात. आन् ह्यो आताचा." तिने शेवटच्या कागदावर बोट टेकवलं. "ही दोन पेरं आजून पान्यात हायेत."

"ती कदाचित..." मी सुरुवात केली.

"आमचं एक वावर तसंच हाय," ती म्हणाली. "एखाद्या साली उघडं पडतं, एखाद्या साली न्हाई. जेवढं उघडं पडंल तेवढं आमी पेरतो. उद्या भुईमूग टोकायचाय."

मॅडमनी भिंग डोळ्यापुढून खाली घेतलं. मला जे सांगता येत नव्हतं ते तिने मलाच सांगून टाकलं होतं. मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या तिच्यासमोर ठेवल्या. तिने पाकीट पदराच्या टोकात गुंडाळलं आणि उजव्या हाताने गाठ मारली. चार बोटांनी मारली. करंगळी बाजूला, किंचित वाकून, सोबत राहिली. गाठ ओढून बघितली, कमरेला खोचली आणि सासूकडे वळली.

"चला आत्याबाई. यष्टी लागली आसंल."